आधी बाथरूम विचारा, मग समुद्र

(सोलापुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, सुट्ट्या लागल्या की घरोघरी बेत सुरू होतात. कोणी महाबळेश्वर म्हणतं, कोणी गणपतीपुळे. घरात व्हीलचेअरवरची आई, काका किंवा मुलगा असेल तर मात्र बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट होते. "तुम्ही जाऊन या, मी घरी थांबते," असं ते माणूस स्वतःच म्हणतं. नाहीतर "चला, उचलून नेऊ" म्हणत सगळे निघतात आणि त्या माणसाचे दोन्ही दिवस खोलीसमोरच्या व्हरांड्यात जातात. दोन्ही टाळता येतं. खर्च फारसा वाढत नाही, पण निघण्याआधी मोजमाप करावं लागतं.

रिसॉर्टला फोन करून "व्हीलचेअर चालते का?" असं विचारू नका. उत्तर "हो" असंच येतं. त्या "हो"चा अर्थ पुष्कळदा इतकाच असतो की दोन पोरं आहेत, ती पायऱ्यांवरून खुर्ची उचलतील. त्याऐवजी मॅनेजरला सांगा, बाथरूमचं दार पूर्ण उघडा, चौकटीच्या आतल्या बाजूपासून दाराच्या फळीपर्यंत टेप लावा आणि व्हिडिओ पाठवा. दार नव्वद अंशांत थांबलं की फळीची जाडी आणि कडी मिळून दीड-दोन इंच खाऊन टाकतात, म्हणून फळीची रुंदी विचारून भागत नाही.

आपल्याकडची साधी घडीची खुर्ची, 18 इंच सीटची, बाहेरून 25 ते 26 इंच भरते. चाकाबाहेरची हातरिंग (हाताने ढकलायची कडी) फिरवणाऱ्या बोटांना वर दोन इंच हवेत. म्हणजे किमान 28 इंच मोकळी जागा. केंद्र सरकारच्या 2021 च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांत 900 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 35 इंच सांगितले आहेत. प्रत्यक्षात पुष्कळ कॉटेजना बाथरूमचं दार 24 ते 27 इंचांचं असतं, आणि सगळी सहल तिथेच अडते. खोली प्रशस्त, गॅलरीतून समुद्र दिसतो, पण माणूस बाथरूमला जाऊ शकत नाही. मग ते माणूस पाणी पिणं बंद करतं. म्हणून माझा आग्रह आहे, आधी बाथरूम विचारा.

दार अरुंदच असेल तर दोन उपाय आहेत. पहिला, बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार उतरवून घ्यायचं आणि तिथे पडदा लावायचा. आठवडाभर आधी नीट सांगितलं तर बरीच रिसॉर्ट हे करून देतात, ऐन वेळी सुतार मिळत नाही. दुसरा, छोट्या चाकांची कमोड-शॉवर चेअर सोबत न्यायची. तिची बाहेरची रुंदी 21-22 इंच असते, ती पलंगाशेजारीच लावून बसता येतं आणि कमोडवर ढकलता येते. मात्र ती आपल्या मापाशी जुळते का, हे घरच्या कमोडवर आधी पाहा. मागचा दांडा फ्लशच्या टाकीला अडला तर सीट भांड्याच्या बरोबर वर येत नाही.

कमोडची उंची साधारण 16 इंच असते आणि गादीसकट व्हीलचेअरची 20-21. बसताना उतार मिळतो, उठताना तोच चढ होतो. चार इंचांची उंच सीट मिळते, ती बॅगेत टाका. आणि एक सक्त सूचना : टॉवेलचा रॉड हा आधाराचा दांडा नाही. तो दोन छोट्या स्क्रूंवर असतो, अंगाचा भार पडला की भिंतीतून उपटून येतो. आंघोळीला प्लास्टिकची मोल्डेड खुर्चीही नको. ओल्या फरशीवर तिचे पाय फाकतात.

पलंगाचंही असंच. जाड गादीमुळे रिसॉर्टचा पलंग 24-25 इंचांवर जातो. खुर्चीतून तिथे सरकणं म्हणजे दर वेळी चढण. वरची गादी काढून पातळ गादी मागा. पेशंट लिफ्ट (माणसाला झोळीत उचलून हलवणारं चाकांचं यंत्र) नेणार असाल तर पलंगाखाली मोकळी जागा आहे का ते विचारा, बॉक्सच्या पलंगाखाली लिफ्टचे पाय जात नाहीत.

पायऱ्यांचं गणित सोपं आहे : एक इंच उंचीला एक फूट रॅम्प. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. दोन इंचांच्या उंबऱ्याला दोन फुटांची प्लायवूडची फळी पुरते, तिची खालची कड घासून घ्या आणि वर खरबरीत पट्टी चिकटवा. एकटी पायरी चढताना खुर्चीच्या मागे खाली निघालेल्या टिपिंग पाइपवर पाय देऊन पुढची चाकं उचलायची, वर टेकवायची, मग मोठी चाकं लोटायची. उतरताना खुर्ची उलटी फिरवायची, मोठी चाकं आधी. उचलण्याची वेळ आलीच तर सर्वांत जाणता माणूस हँडलपाशी वरच्या बाजूला, आणि पुढच्याने फक्त मुख्य फ्रेम धरायची. हातटेकू आणि पायटेकू निघणारे असतात, मदतीला धावलेला माणूस नेमके तेच धरतो आणि ते हातात येतात.

गाडीबद्दल थोडक्यात. सीएनजी गाडीच्या डिकीत टाकीमुळे खुर्ची मावत नाही, भाड्याची गाडी ठरवताना हे विचाराच. उंच एसयूव्हीपेक्षा सीट खुर्चीच्या जवळपास उंचीची असलेली गाडी बरी.

आता आपल्या उन्हाबद्दल. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. मज्जारज्जूची इजा छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल तर इजेखालच्या अंगाला नीट घाम येत नाही, शरीर तापतच जातं. ओला टॉवेल, पाण्याची फवारणी, पंखा सोबत हवा, आणि प्रवास पहाटे. बंद गाडीत जेलची गादी ठेवू नका. ती तापते, आणि संवेदना नसलेल्या कातडीला चटका बसल्याचं कळत नाही. उन्हात उभ्या खुर्चीची फ्रेमही आधी हाताने पाहा.

याच माणसांबाबत घरच्या प्रत्येकाला माहीत हवं असं एक संकट आहे. अचानक ठणकणारं डोकं, चेहरा लाल, वरच्या अंगाला घाम आणि रक्तदाब भराभर वाढणं. याला उन्हाचा त्रास समजून आडवं झोपवलं जातं, ते चूक आहे. ताठ बसवा, पट्टे आणि कपडे सैल करा, कॅथेटरची, म्हणजे लघवी काढण्याची, नळी दुमडली आहे का पाहा, लघवीची पिशवी रिकामी करा. तुंबलेलं मूत्राशय हे सर्वांत नेहमीचं कारण. कारण काढूनही उतार पडला नाही तर लगेच दवाखाना. म्हणून जवळचं मोठं रुग्णालय किती अंतरावर आहे, हे बुकिंगआधीच बघून ठेवा.

पोहण्याचा तलाव मात्र सोडू नका. पाण्यात भार हलका होतो, मुलांसोबत खेळता येतं. पाण्यात उतरवणारी लिफ्ट क्वचित असते, म्हणून खुर्चीतून बुटक्या स्टुलावर, तिथून काठावर, मग पाण्यात, असं टप्प्याने उतरायचं. पाण्यात एक आणि काठावर एक, अशी दोन माणसं हवीत. काठाच्या खडबडीत फरशीवर आपला जाड सोलापुरी टॉवेल दुमडून अंथरा, नाहीतर कातडी सोलते. कमरेची फुगीर रिंग वापरू नका. धडावर ताबा नसला तर पाय वर तरंगतात आणि माणूस उलटं होतं. मानेला आधार देणारं लाइफ जॅकेट घ्या. उघडी जखम असेल तर पाण्यात उतरायचं नाही.

लांब जायचं नसेल तर थंडीतली हुरडा पार्टी आहेच. ती आपली खास चैन, आणि तिथे बसण्याची व्यवस्था बदलली तरी पुष्कळ काम होतं. सगळे सतरंजीवर आणि एक जण उंच खुर्चीत, असं झालं की गप्पा त्या माणसाच्या गुडघ्याखालून चालतात. सगळ्यांना खुर्च्या किंवा बाजा द्या. आगटीपासून पाय चांगले लांब ठेवा, बूट-मोजे घाला. संवेदना नसलेल्या पायावर निखारा पडला तर तो वासानेच कळतो. काळ्या रानात पुढची छोटी चाकं रुततात. खुर्ची उलटी वळवून ओढत नेली की ती सहज निघते. पावसानंतर रानात नेऊच नका, चिखल चाकाला धरून फिरणं बंद पडतं.

वेळापत्रक हा दुर्लक्षित भाग. पोट साफ होणं, आंघोळ, कपडे यांत सकाळचे दोन तास जातात. रिसॉर्टचा नाश्ता दहाला बंद होतो, खोली अकराला सोडायची असते. नाश्ता खोलीत आणि खोली उशिरा सोडण्याची सवलत, दोन्ही बुकिंगच्या वेळीच लेखी घ्या. पोटाची घरची वेळ बदलू नका. कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत असली की अवेळी जेवणाचा प्रश्न मिटतो, पण पाणी कमी करू नका. ठरावीक वेळाने कॅथेटर लावणाऱ्यांनी रोजच्या गरजेपेक्षा निदान दोन दिवसांचे जास्त घ्यावेत.

घरातली काळजी घेणारी व्यक्ती, बहुधा बायको किंवा आई, तिलाही सुट्टी मिळायला हवी. भाऊ, वहिनी, मोठी मुलं यांनी निघण्याआधी घरीच खुर्चीत बसवण्याचं शिकून घ्यावं आणि सकाळ-संध्याकाळ वाटून घ्यावी. तिथे जाऊन शिकू म्हटलं की सगळं काम पुन्हा तिच्याच गळ्यात पडतं.

सतत बसून दाबाने जखमा होतात, म्हणून रोज रात्री मोबाइलच्या कॅमेऱ्याने माकडहाड, नितंब आणि टाचा पाहा. भार काढल्यावर अर्ध्या तासातही लाली गेली नाही, तर ती जाईपर्यंत त्या जागेवर भार द्यायचा नाही, कितीही छान बेत असला तरी. समुद्रावरून आलात तर खुर्ची त्याच दिवशी गोड्या पाण्याने पुसून घ्या, पुढच्या चाकांतली वाळू आणि केस काढा, कोरडी करून आसाला तेल द्या. खारं पाणी बेअरिंगमध्ये राहिलं तर थोड्याच दिवसांत चाक करकरू लागतं.