बाईमाणसाचा तुरुंग

नमस्कार, श्रोतेहो.

1996 सालच्या जानेवारीत ब्रिटनच्या टीव्हीवर एक चित्रफीत दाखवली गेली. लंडनच्या हॉलोवे तुरुंगातली एक बंदी बाळंतपणासाठी रुग्णालयात आणलेली होती, आणि तिला साखळीनं जखडलेलं होतं. मोठा गदारोळ झाला. पळून जाऊ नये म्हणून ही खबरदारी, असं सरकारनं आधी समर्थनही केलं. मग मात्र धोरण बदलावं लागलं. कळा सुरू झालेली बाई पळून जाणार कुठं, हे कुणाला सुचलं नसेल असं नाही. पण कैद्याला रुग्णालयात न्यायचं तर बेडी घालायची, हा नियम पुरुष कैदी डोळ्यांपुढे ठेवून केलेला. बाईलाही तोच लागू झाला, इतकंच.

जगभर असंच झालं. तुरुंगातल्या माणसांना कसं वागवावं याचे किमान नियम संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेनं 1955 साली जिनिव्हात ठरवले. त्यात बायकांबद्दल थोडंच होतं. बायकांचा विभाग वेगळा असावा, त्यावर बाईच अधिकारी असावी, बाळंतपण शक्यतो बाहेरच्या रुग्णालयात व्हावं, आणि मूल तुरुंगात जन्मलंच तर तसा उल्लेख जन्मदाखल्यात करू नये. हे शेवटचं ज्यानं लिहिलं, त्याला शाळेच्या दाखल्यावरची एक ओळ माणसाला जन्मभर कशी नडते ते पक्कं ठाऊक असणार!

पुढची पन्नासेक वर्षं त्यात फारशी भर पडली नाही. मग थायलंडनं विषय लावून धरला. तिथल्या राजकन्या बज्रकितियाभा पेशानं कायद्याच्या जाणकार, सरकारी वकील. महिला तुरुंगांतल्या कामातून त्यांनी हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांपुढे नेला आणि 21 डिसेंबर 2010 रोजी आमसभेनं 70 नियम मंजूर केले. ते ‘बँकॉक नियम’ म्हणून ओळखले जातात.

हे नियम वाचताना मला सगळ्यात आवडली ती त्यांची बारीक नजर. सॅनिटरी पॅड फुकट द्यावेत आणि पाणी नियमित असावं, असं पाचवा नियम सांगतो. घरी लहान मुलं असतील तर आत घेण्याआधी त्यांची सोय लावायला आईला सवड द्या, असं दुसरा म्हणतो. विचार करा, बाईला अटक होते तेव्हा चुलीवर भात असतो आणि पोर शाळेत. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईला शिक्षा म्हणून एकांत कोठडीत टाकायचं नाही. कळा देताना, बाळंतपणात आणि त्यानंतर लगेच बेडी नाही. मुलं भेटायला आली तर त्यांना आईला शिवता यावं. घरच्यांची भेट बंद करणं ही शिक्षा होऊ शकत नाही. शक्यतो घराजवळच्या तुरुंगात ठेवा, असंही म्हटलंय. हे मला फार मोलाचं वाटतं. महिला तुरुंग मोजकेच असतात, म्हणजे बाई गावापासून लांब जाते आणि भेटायला कुणी फिरकत नाही.

आपल्याकडे काय? सर्वोच्च न्यायालयानं 2006 सालीच, आर. डी. उपाध्याय खटल्यात, आईबरोबर तुरुंगात राहणाऱ्या मुलांसाठी निर्देश दिले. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं; त्याला कैदी समजायचं नाही; पाळणाघर, बालवाडी, वेगळा आहार द्यायचा; जन्मदाखल्यावर तुरुंगाचा पत्ता नको. केंद्र सरकारच्या 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीत महिला बंद्यांसाठी स्वतंत्र प्रकरणही आहे. पण तुरुंग हा राज्यांचा विषय, आणि बँकॉक नियम मोडले म्हणून कुठल्या देशाला दंड होत नाही. भायखळ्याच्या महिला कारागृहात जून 2017 मध्ये एका बंदीचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. आरोप तुरुंगातल्या महिला कर्मचाऱ्यांवरच होता. विभागावर बाई अधिकारी हवी, हा 1955 चा नियम तिथं पाळलेलाच होता.

पाळणाघर बांधलं की उद्घाटन होतं, फोटो येतो. बँकॉक नियमांचा खरा कणा मात्र सत्तावन्नाव्या नियमापासून पुढे आहे, आणि त्याकडे सहसा कुणी वळत नाही. तिथं सरळ म्हटलंय, की बाईला आत टाकण्याआधी दुसरा मार्ग शोधा. गरोदर बाई आणि लहान मुलांची आई यांना शक्य तिथं तुरुंगाबाहेरचीच शिक्षा द्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये अमली पदार्थांच्या खटल्यातल्या एका गरोदर आरोपीला सहा महिन्यांचा तात्पुरता जामीन दिला. तुरुंगातल्या बाळंतपणाचा परिणाम आईवरच नाही, तर बाळावरही होईल, असं न्यायालयानं म्हटलं.

जामीन मंजूर होऊनही आत बसून राहणाऱ्या बायका असतात, कारण जामीनदार मिळत नाही, पैसे भरायला कुणी येत नाही. गरीब कच्च्या कैद्यांच्या, म्हणजे खटला अजून चालू असलेल्यांच्या, जामिनासाठी पैशांची मदत देणारी केंद्राची योजना 2023 पासून आहे. आणि विधी सेवा प्राधिकरणाचा, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी यंत्रणेचा, वकील बाईला फुकट मिळतो, मग तिचं उत्पन्न कितीही असो. 1987 च्या कायद्यात तशी तरतूद आहे. तुमच्या ओळखीत, गल्लीत, नात्यात कुणी आत असेल, तर 15100 या क्रमांकावर फोन करा. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथं साध्या कागदावर अर्ज दिला तरी चालतो. तो अर्ज तिच्या वतीनं घरचं माणूसही देऊ शकतं.

नमस्कार.