आडवी बाटली आणि ९०१ मतं

कृष्णाकाठचा ऊस कारखान्यात जातो. साखर पोत्यात भरली जाते, मागे उरते काळी, चिकट मळी. तिच्यापासून स्पिरिट निघतं आणि स्पिरिटाची देशी होऊन चपटीतून गावातच परत येते. लेबल वाचा: ४२.८ टक्के. म्हणजे १८० मिलीच्या बाटलीत साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. आरोग्यवाले १० ग्रॅमचा एक पेग धरतात. ‘एकच मारली’ म्हणणाऱ्याच्या पोटात सहा पेग गेलेले असतात.

गावातलं देशी दारूचं दुकान उठवायचं तर २००८ चा शासन आदेश आहे. महिला मतदारांपैकी २५ टक्के जणींनी लेखी मागणी करायची, मग सह्यांची पडताळणी, मग गुप्त मतदान. मतपत्रिकेवर दोन चित्रं: उभी बाटली, आडवी बाटली. आडवी म्हणजे बंद.

घोळ होतो तो मोजणीत. निम्म्याहून जास्त मतं लागतात, पण ती झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण नावांच्या. समजा, पाटण तालुक्यातल्या एका गावात १,८०० महिला मतदार आहेत. १,२०० जणी रांगेत आल्या. ८८० आडवीला, ३२० उभीला. एवढा फरक पडूनही दुकान चालूच, कारण ९०१ हव्या होत्या. मयत सासू, लग्न होऊन कराडला गेलेली लेक, माथाडी नवऱ्यासोबत मुंबईत राहणारी सून: तिघींची नावं यादीत राहिली, की ती उभ्या बाटलीच्याच कामी येतात. म्हणून मोर्चाच्या आधी मतदार यादी हातात घ्यावी. मयत आणि गाव सोडून गेलेल्यांची नावं फॉर्म ७ भरून वगळायला वेळ लागतो. मुंबईकरणींना तारीख कळताच निरोप, आणि यायच्या गाडीची सोय. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण निकाल इथंच लागतो.

दुकानाला कुलूप लागलं, की प्राथमिक आरोग्य केंद्राचं काम सुरू होतं, आणि नेमकं तेच कुणाच्या ध्यानात नसतं. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, की काही तासांत हात थरथरतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, ताप, बरळणं सुरू झालं तर जिवावर बेतू शकतं. अशा माणसाला भगताकडे नव्हे, दवाखान्यात न्यायचं. तिथं जीवनसत्त्व बी-१ चं इंजेक्शन आधी, ग्लुकोजचं सलाइन त्यानंतर. हा क्रम उलटला तर मेंदूला इजा होऊ शकते.