पातं तुटलं तेव्हा

मंडळी, अणुशक्तीवर चालणाऱ्या विमानवाहू जहाजाचा विषय निघाला की लोक आधी अणुभट्टीबद्दल विचारतात. मी आज प्रोपेलरच्या, म्हणजे पाण्यात फिरून जहाज पुढे ढकलणाऱ्या पंख्याच्या, पात्यापासून सुरुवात करतो. समोर फाउंड्रीत, धातू ओतण्याच्या कारखान्यात, हयात घालवलेली बरीच माणसं बसली आहेत, त्यांना पुढचं फार समजावून सांगावं लागणार नाही.

फ्रान्सचं 'शार्ल द गोल' हे अमेरिकेबाहेरचं अशा जातीचं एकमेव जहाज. वजन 42,000 टनांच्या वर, अणुभट्ट्या दोन. नौदलात दाखल होण्याआधीच्या लांब पल्ल्याच्या चाचणीसाठी नोव्हेंबर 2000 मध्ये ते अटलांटिक ओलांडून गेलं होतं. तिथे डाव्या प्रोपेलरचं एक पातं तुटून समुद्रात गेलं, आणि जहाजाला फ्रान्सच्या तूलाँ बंदरात परतावं लागलं.

तपासणीत निघाल्या ओतकामातल्या पोकळ्या. तुम्ही ज्याला ब्लो होल म्हणता, तेच. वरून कास्टिंग चकचकीत, मापात चोख, आणि आत हवा! आता खरी अडचण ऐका. उजवा प्रोपेलर तपासला, तर त्यातही दोष. राखीव ठेवलेला काढला, तर त्यातही. तिन्ही एकाच कारखान्यातून आलेले. माल घेताना स्पेअर आहे एवढंच बघून आपण निर्धास्त होतो. तो मूळ मालापेक्षा वेगळा तपासला का, हे कोण विचारतं?

बरं, बनवणाऱ्याला जाब विचारावा, तर ती कंपनी तोवर बंद पडलेली. चौकशी सुरू झाली आणि तिच्या दप्तराला आग लागून कागदही गेले. कुठला धातू कसा ओतला, कुठे काय तपासलं, हे सांगणारं काही उरलं नाही. मला या सगळ्या प्रकरणात तुटलेल्या पात्यापेक्षा ही जळालेली कागदं जास्त सलतात.

शेवटी 'क्लेमान्सो' आणि 'फॉश' या 1960च्या दशकातल्या, बॉयलरवर चालणाऱ्या जहाजांसाठी ठेवलेले जुने प्रोपेलर गोदामातून काढले आणि या नव्या जहाजाला बसवले. ते काही याच्यासाठी घडवलेले नव्हते. 27 नॉटचा वेग 24-25 वर आला. दोन-तीन नॉट म्हणजे तासाला पाचेक किलोमीटर. ऐकायला किरकोळ वाटतं. पण विमान उडवताना जहाज वाऱ्याच्या तोंडावर धरून पळवतात. त्या वेगाने डेकवर वारा वाढतो आणि जड विमानाला उचल मिळते. म्हणजे गेलेला प्रत्येक नॉट विमानाच्या हिशेबात धरावा लागतो. मे 2001 मध्ये जहाज याच उसन्या प्रोपेलरांवर दाखल झालं आणि वर्ष संपायच्या आत अफगाणिस्तानच्या मोहिमेसाठी आपल्या अरबी समुद्रात आलं. नवे प्रोपेलर बसले ते 2007-08 च्या मोठ्या दुरुस्तीत, अणुइंधन बदललं तेव्हाच. तोवर भट्ट्यांमध्ये ताकद होती, पण ती पाण्यात पुरती उतरत नव्हती.

अमेरिकेकडे अशी जहाजं अकरा. तरी सुट्या भागांची चणचण त्यांनाही चुकलेली नाही. 'जेराल्ड फोर्ड' 2017 साली दाखल झालं, पण काही भाग मिळेनात, म्हणून बांधणी चालू असलेल्या 'जॉन एफ. केनेडी'वरून काढून त्याला लावले. एका बैलाचं जू काढून दुसऱ्याच्या मानेवर ठेवायचं, तसं.

अमेरिकेच्याच 'एंटरप्राइझ'चं दुखणं याहून जुनं. 1961 साली दाखल झालेलं हे अशा जातीचं जगातलं पहिलं जहाज, आणि अणुभट्ट्या आठ! त्याच्या जोडीची जहाजं बांधायचा बेत खर्चापायी बारगळला, त्यामुळे त्याच्या मापाचं दुसरं जहाजच नाही. अशा एकुलत्या एका गिऱ्हाइकासाठी कोणता कारखाना पन्नास वर्षं साचे सांभाळून ठेवील? मग जुना भाग समोर ठेवायचा, मापं घ्यायची आणि तसाच नवा घडवायचा. डिसेंबर 2012 मध्ये त्याची सेवा थांबली आणि अणुइंधन काढून ते कायमचं बंद करायचं काम अमेरिकेतल्या न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत हाती घेतलं. त्याच गोदीत 'अब्राहम लिंकन' हे दुसरं विमानवाहू जहाज इंधनबदलासाठी आलं होतं. त्याला नांगर हवा होता. 'एंटरप्राइझ'चा सुमारे 30 टनांचा नांगर उतरवला, साफसूफ करून रंगवला आणि 'लिंकन'ला चढवला.