मिठाची गोणी आणि मिरचीचा ठेचा

(दृश्य : दौलताबादचा किल्ला. मग टेबलावर दोन पुस्तकं, पेन्सिल, कागदाच्या चिठ्ठ्या.)

एक इतिहासाचं पुस्तक, दुसरी कादंबरी. दोन्हींचं परीक्षण लिहायचंय. दोन्हींत 1296 सालचा, यादवांच्या देवगिरीला म्हणजे आजच्या दौलताबादला अल्लाउद्दीन खिलजीनं घातलेला वेढा. दोन्हींत गडावरच्या गोण्या फोडल्या जातात आणि धान्याऐवजी मीठ निघतं.

कादंबरीकाराला ही गोणी माफ आहे. उपाशी माणसांसमोर मीठ सांडतं, ते त्यानं रंगवून सांगावंच. इतिहासकाराला मात्र विचारायचं, हे आलं कुठून? ही हकिकत फिरिश्ता हा फारसी इतिहासकार देतो, आणि तो लिहितो सतराव्या शतकाच्या सुरुवातीला. मध्ये तीनशे वर्षं गेलेली. पुस्तकात तळटीप नसेल, किंवा तळटिपेत अलीकडचंच कुठलं तरी पुस्तक असेल, तर आवृत्ती आणि पान क्रमांकासह तसं लिहावं. निदान पाच तळटिपा मूळ ग्रंथ काढून ताडून बघाव्यात. त्याही मधल्या प्रकरणांतल्या. प्रस्तावनेवर लेखकाचा हात फिरलेला असतोच.

(दृश्य : तव्यावरची भाकरी, खलबत्त्यातला ठेचा.)

आता कादंबरी. पहाऱ्यावरचा शिपाई ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खातोय. भाकरी बरोबर, ठेचा चूक. मिरची पोर्तुगिजांमार्फत आली, आणि वास्को द गामा कालिकतला पोचला 1498 मध्ये. या शिपायाला तिखट हवंच असेल तर मिरी आहे, आलं आहे. ‘दौलताबाद’ हे नावही त्याच्या तोंडी नको. ते तुघलकानं 1327 च्या सुमारास राजधानी इथं हलवली तेव्हाचं. किल्ल्यावरची मेंढा तोफ तर औरंगजेबाच्या काळातली.

पण नुसती चुकांची जंत्री म्हणजे परीक्षण नव्हे. ठेचा काढला तरी प्रसंग उभा राहतो, त्याला एक ओळ पुरे. तोफांनी तट फोडला म्हणून यादव हरले, असं दाखवलं असेल तर कथानकाचा कणाच मोडतो. तिथं अख्खा परिच्छेद खर्ची घालावा.

(दृश्य : जुन्या दफ्तराचा पिवळा कागद.)

निजामकाळावरच्या पुस्तकांत हमखास घसरायची जागा म्हणजे फसली सन, सरकारी महसुलाची कालगणना. 590 मिळवले की इसवी सन, असं सरसकट धरलं जातं. पण हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू व्हायचं. त्यामुळे सप्टेंबर 1948 ची पोलीस कारवाई येते 1357 फसलीत. डोळे झाकून 590 मिळवले, तर ती 1947 मध्ये जाऊन पडते. लेखकानं सनासोबत महिना दिलाय का, ते आधी बघा.