शंभर मैलांत दुसरी बाई नाही: मॉली आणि चार्ल्स गुडनाइट

लाल कड्यांची ही दरी, पालो ड्युरो कॅन्यन. अमेरिकेतल्या टेक्सासचा पार वरचा भाग, तिथले लोक पॅनहँडल म्हणतात. वर नुसता गवताचा माळ, इतका सपाट की पुढे काही वेगळं असेल असं वाटतच नाही, आणि मग एकदम जमीनच संपते आणि खाली आठेकशे फूट दरी. 1876 च्या अखेरीस चार्ल्स गुडनाइट, गुरं पाळायचा धंदा करणारा, 1,600 गुरं घेऊन रँच, म्हणजे गुरांचं मोठं कुरण, काढायला इथं उतरला, गाड्या खाली जाईनात म्हणून सुट्या करून न्याव्या लागल्या.

दरी रिकामी होती. म्हणजे रिकामी करून ठेवलेली होती, हे आधीच सांगतो, कारण रँचवरच्या प्रेमकथा रंगवताना हा भाग सोयीस्करपणे गाळतात. सप्टेंबर 1874 मध्ये कर्नल मॅकेन्झीच्या फौजेनं इथल्या कोमांची, कायोवा आणि शायेन या मूळ रहिवासी जमातींच्या छावण्यांवर हल्ला केला. माणसं फार मेली नाहीत, पण त्यांचे हजारावर घोडे पकडून गोळ्या घालून मारले. तोंडावर हिवाळा आणि घोडा नाही, मग काय करणार, गेले सगळे सरकारनं नेमून दिलेल्या जागेत.

आता मॉली, चार्ल्सची बायको. पूर्ण नाव मेरी ॲन डायर, टेनेसीची, लहानपणी घरच्यांबरोबर टेक्सासला आली. आईवडील पाठोपाठ गेले, धाकट्या भावांची जबाबदारी हिच्यावर, शाळेत शिकवून घर चालवायची. 1864 च्या सुमारास फोर्ट बेल्कनॅपला चार्ल्सची ओळख झाली आणि लग्न झालं 1870 ला, मधे सहा वर्षं! तो तिकडं ऑलिव्हर लव्हिंग या भागीदाराबरोबर गुरांचे कळप न्यू मेक्सिकोपर्यंत हाकत होता, तो रस्ता आजही गुडनाइट-लव्हिंग ट्रेल म्हणून ओळखतात. 1867 मध्ये कोमांचींच्या हल्ल्यात लव्हिंग जखमी झाला, जखम चिघळली आणि गेला, तर मित्राला दिलेला शब्द म्हणून चार्ल्सनं त्याचा देह शेकडो मैल परत टेक्सासला आणला. असा माणूस. गोड बोलणं वगैरे त्याच्याकडं नव्हतंच, शिव्या मात्र भरपूर.

लग्नानंतर तो तिला कोलोरॅडोत प्वेब्लोजवळच्या रँचवर घेऊन गेला. पोचल्या पोचल्या तिच्या कानावर काय, तर दोन माणसांना टेलिग्राफच्या खांबाला फाशी दिलंय. ती हादरली आणि हा समजूत घालायला म्हणून म्हणाला की खांबाला काही झालं नसेल. (हा किस्सा तो स्वतःच सांगायचा!) पण याच माणसानं बायकोसाठी खास खोगीर डिझाइन केलं. तेव्हा बायकांनी दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसायची पद्धत, लांबच्या रपेटीत ते धोक्याचं, म्हणून यानं डाव्या गुडघ्याला आधार देणारं एक जादा शिंग, म्हणजे वर आलेली खुंटी, खोगिराला लावून घेतलं. मला विचाराल तर याचं प्रेमपत्र हेच.

1873 च्या मंदीत चार्ल्सचा पैसा बुडाला. नवीन रँचसाठी भांडवल दिलं जॉन जॉर्ज अडेअरनं, आयर्लंडचा जमीनदार, ज्यानं 1861 मध्ये डेरीव्हे इथं 244 माणसांना घराबाहेर काढलं होतं. पैसा कुठून आला हे पण बघावं लागतं. त्याच्या नावाच्या आद्याक्षरांवरून रँचचं नाव जेए. 1877 ला मॉली स्वतः गाडी हाकत आली, अडेअरची बायको कॉर्नेलिया घोड्यावरून. अडेअर लोक थोडे दिवस राहून गेले, मॉली राहिली. पुढं ही रँच तेरा लाख एकरांवर गेली, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडी मोठी, आणि गुरं लाखाच्या घरात.

पण सुरुवातीला बोलायला कोण? महिनोन् महिने दुसरी बाई दिसायची नाही. एकदा एका काऊबॉयनं पोत्यात घालून तीन कोंबड्या आणल्या, कालवणासाठी असाव्यात, पण हिनं त्या पाळल्या आणि त्यांच्याशी गप्पा मारायची. काऊबॉयचे फाटके कपडे शिवायचे, त्यांना लिहायवाचायला शिकवायचं, दवापाणीही तीच बघायची, उवांवर रॉकेल, जखमेवर फड्या निवडुंग, मूळव्याधीला मीठ आणि बायसनची, म्हणजे तिकडच्या रानगव्याची, चरबी!

बायसनवरून आठवलं, खरी गोष्ट इथंच आहे. कातड्यांसाठी शिकारी लाखोंनी बायसन मारत होते, आई मेली की पिल्लं माळावर ओरडत फिरायची. 1878 मध्ये मॉलीनं नवऱ्यामागं लकडा लावला की पिल्लं धरून आण. धंद्याच्या हिशोबानं हे उलटंच, बायसन गेले तरच गुरांना गवत, आणि याचं पोट गुरांवर. तरी त्यानं दोर टाकून पिल्लं आणली. त्याच सुमारास कोमांचींचा पुढारी क्वाना पार्कर आपली काही माणसं घेऊन शिकारीला म्हणून याच दरीत आला, बायसन मिळेनात म्हणून ते रँचची गुरं मारू लागले. चार्ल्सनं बसून तह केला: बायसन सापडेपर्यंत दर दोन दिवसांनी दोन गुरं तुमची. बायसन कुठं सापडायला... होते ते मॉलीच्या कुंपणात.

तो कळप दोनशेच्या वर गेला, 1902 मध्ये त्यातले तीन नर यलोस्टोन नॅशनल पार्कला पाठवले, आणि 1997 पासून त्याचे वंशज टेक्सासमधल्याच कॅप्रॉक कॅन्यन्स स्टेट पार्कमध्ये आहेत.

अडेअर 1885 ला वारला, दोन वर्षांनी गुडनाइट जोडपं जेएतून बाहेर पडलं. मूलबाळ नव्हतं, पण 1898 ला ते राहायचे त्या गावात कॉलेज काढलं. 1926 मध्ये मॉली गेली.

आणि मग, रोमान्सच्या चाहत्यांनो माफ करा, चार्ल्सनं वयाच्या 91 व्या वर्षी परत लग्न केलं! कोरिन गुडनाइट, वय 26, टेलिग्राफ ऑपरेटर, आडनाव एकच म्हणून पत्रं सुरू झाली होती आणि त्याच्या आजारपणात तिनं त्याची शुश्रूषा केली होती. 1929 ला तो गेला, त्याला पुरलं मात्र मॉलीच्या शेजारी.