डर्ट बाइकचे इंजिन : किती सीसी पुरे?

श्रोतेहो, नमस्कार.

डर्ट बाइक घ्यायचे ठरवलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो बहुधा सीसीचा. १२५ घेऊ की २५०, आणि पुढेमागे ४५० घ्यायचीच असेल तर आत्ताच का घेऊ नये, असे त्याचे म्हणणे असते. रस्त्यावरच्या मोटारसायकली चालवून सीसी म्हणजे ताकद हे समीकरण आपल्या अंगवळणी पडलेले आहे. डोंगरातल्या पायवाटेवर आणि मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीतल्या उड्या-वळणांच्या शर्यतीच्या, ट्रॅकवर मात्र ते फसते. माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकतो : गाडी निवडताना इंजिन किती ताकद देऊ शकते हे पाहण्यापेक्षा, त्यातली किती ताकद आपण अर्धा तास सलग वापरू शकतो हे पाहावे. या दृष्टीने पाहिले तर बहुतेकांना मनात ठरवलेल्या इंजिनापेक्षा एक पायरी लहान इंजिन पुरते.

सीसी म्हणजे काय, तर पिस्टन वरून खाली येताना सिलिंडरमध्ये जेवढी जागा मोकळी करतो ती. या आकड्यावरून ताकदीचा अंदाज किती चुकतो याचे एक चांगले उदाहरण यामाहाच्या दोन गाड्यांमध्ये सापडते. वायझेड १२५ या मोटोक्रॉस गाडीच्या सिलिंडरचा व्यास ५४ मिलिमीटर आणि पिस्टनचा प्रवास ५४.५ मिलिमीटर, टीटी-आर १२५ या ट्रेल गाडीत, म्हणजे पायवाटेवर फिरायच्या गाडीत, दोन्ही मापे ५४-५४. म्हणजे सिलिंडरच्या आत डोकावले तर मापांत अर्ध्या मिलिमीटरचा फरक. पण पहिली टू-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणारी, तिची अश्वशक्ती पस्तिशीच्या वर जाते. दुसरी फोर-स्ट्रोक आणि हवेने थंड होणारी, तिची दहाच्या आसपास राहते. नवशिक्याला कोणी ‘एकशे पंचवीस घे, सोपी असते’ असा सल्ला दिला, तर त्याने आधी ‘कोणती एकशे पंचवीस?’ असे विचारून घ्यावे. पहिली गाडी थ्रॉटलची मूठ थोडी पिळल्यावर काहीच करत नाही आणि आणखी थोडी पिळली की पुढचे चाक उचलते. दुसरी गाडी कितीही पिळली तरी आपल्या चालीने चालत राहते.

टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याच्या, प्रत्येक फेरीला एक स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एक. त्यामुळे सारख्या सीसीच्या टू-स्ट्रोकपुढे फोर-स्ट्रोक पूर्वी नेहमीच मागे पडत असे आणि १९८० व १९९० च्या दशकांत मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर टू-स्ट्रोकचेच राज्य होते. स्पर्धेच्या नियमांनी फोर-स्ट्रोकला अधिक सीसीची मुभा दिली आणि चित्र पालटू लागले. १९९७ मध्ये लास वेगासच्या सुपरक्रॉस शर्यतीत (स्टेडियममध्ये होणारे मोटोक्रॉस) अमेरिकन चालक डग हेन्री यांनी यामाहाच्या ४०० सीसीच्या प्रायोगिक फोर-स्ट्रोकवर २५० सीसीच्या टू-स्ट्रोक गाड्यांना मागे टाकले. पुढच्याच वर्षी वायझेड ४०० एफ विक्रीला आली आणि हेन्री यांनी तिच्यावर अमेरिकेतली राष्ट्रीय मोटोक्रॉस स्पर्धा जिंकली. २००१ मध्ये वायझेड २५० एफ आली आणि १२५ टू-स्ट्रोकच्या वर्गात उतरली. आज मोटोक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत एमएक्स-टू हा वर्ग २५० फोर-स्ट्रोकचा आणि एमएक्सजीपी हा ४५० चा आहे, त्याचे मूळ या घडामोडीत आहे. म्हणजे २५० आणि ४५० हे आकडे मुळात स्पर्धेच्या नियमपुस्तकातून आलेले आहेत. रविवारी सकाळी डोंगरात जाणाऱ्या माणसाला काय झेपेल, हा विचार ते ठरवताना कोणाच्याही मनात नव्हता.

आता ट्रेलकडे वळू. अरुंद वाट, ओल्या मुळ्या, हाताच्या मुठीएवढे सुटे दगड आणि त्यावरून चढ, असे दृश्य डोळ्यांसमोर आणा. इथे गाडीचा वेग माणसाच्या चालीपेक्षा फारसा जास्त नसतो. पहिला गिअर, क्लचवर एक बोट, आणि थ्रॉटल जेमतेम उघडलेला. अशा वेळी ४५० चे मोटोक्रॉस इंजिन दोन प्रकारे छळते. मूठ केसभर जास्त पिळली गेली तरी मागचे चाक जागच्या जागी फिरून खड्डा खणते, आणि केसभर कमी पिळली तर ‘खट्’ आवाज करून गाडी बंद पडते. कारण शर्यतीसाठी बनवलेल्या इंजिनाचे फ्लायव्हील, म्हणजे त्याची गती टिकवणारे जड चाक, हलके ठेवलेले असते आणि अगदी कमी फेऱ्यांवर तग धरण्याइतका जोर त्यात साठत नाही. चढावर बंद पडलेली गाडी पायांवर तोलून धरणे हा एक स्वतंत्र व्यायाम आहे. मी एकदा मित्राची ४५० मोटोक्रॉस गाडी हौसेने अशाच वाटेवर नेली होती. वीसेक मिनिटांत रेडिएटरमधून सुसू आवाज यायला लागला आणि उकळलेले हिरवे कूलंट नळीतून माझ्या बुटावर आले. दोष गाडीचा नव्हता. मोटोक्रॉस गाडीच्या रेडिएटरला सहसा पंखा नसतो, कारण ट्रॅकवर समोरून वारा मिळतच असतो. रांगत जाणाऱ्या गाडीला तो मिळणार कुठून?

याउलट हवेने थंड होणारी, सव्वादोनशे ते अडीचशे सीसीची साधी फोर-स्ट्रोक ट्रेल गाडी त्याच चढावर न कुरकुरता चढते. तिची अश्वशक्ती पाहून ट्रॅकवरचे लोक हसतात, पण चाकाला पकड मिळते ती याच मंद, एकसारख्या जोरामुळे. ज्याला वाटा पाहायच्या आहेत, थांबत थांबत जायचे आहे आणि संध्याकाळी दुखरे अंग न घेता परतायचे आहे, त्याने लाज न बाळगता ही गाडी घ्यावी. तिची मर्यादा उडी मारताना कळते : सस्पेन्शन मऊ असते आणि जरा उंचावरून उतरले की ते तळाला टेकते.

अवघड वाटांवर मुरलेले चालक ३०० सीसीची टू-स्ट्रोक एन्ड्युरो गाडी (लांब, खडतर वाटांच्या शर्यतीची) का निवडतात, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे. केटीएमच्या ३०० चा व्यास आणि प्रवास दोन्ही ७२ मिलिमीटर, म्हणजे खरे तर ती २९३ सीसीची. त्याच कंपनीच्या २५० फोर-स्ट्रोक मोटोक्रॉस इंजिनात व्यास ८१ आणि प्रवास अवघा ४८.५ मिलिमीटर आहे. प्रवास आखूड असल्याने ते इंजिन मिनिटाला १४,००० फेऱ्यांपर्यंत जाते आणि त्याची खरी ताकद वरच्या टोकाला असते, तर ३०० चा लांब प्रवासाचा पिस्टन खालच्या फेऱ्यांवरच ओढ देतो. ही गाडी ४५० पेक्षा हलकी, व्हॉल्व्ह आणि कॅमचा पसारा नसलेली, आणि पडल्यावर पुन्हा लवकर सुरू होणारी असते. उतारावर मात्र टू-स्ट्रोकला इंजिनाचा ब्रेक जवळजवळ नसतो, सगळा भार ब्रेकवर येतो. ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायच्या जुन्या पद्धतीच्या गाड्यांत आणखी एक काळजी घ्यावी लागते : लांब उतारावर थ्रॉटल बंद ठेवला, की पेट्रोलबरोबर ऑइलही आत जात नाही, म्हणून मधूनमधून क्लच दाबून थोडी रेस द्यावी. एकास चाळीस हे प्रमाण असेल तर लिटरला २५ मिलिलिटर ऑइल पडते. हे माप अंदाजाने टाकू नये.

ट्रॅकवरची गोष्ट वेगळी. तिथे वाट रुंद असते, पुढे काय येणार ते ठाऊक असते आणि इंजिनाला पूर्ण उघडायला जागा असते. तरीही बहुतेक हौशी चालक सरळ ४५० कडे जातात, हे मला पटत नाही. वळणातून बाहेर पडण्याचा एकच क्षण घेऊ. १२५ टू-स्ट्रोकवर तुम्ही एक गिअर वर राहिलात, तर गाडी अक्षरशः मरते. क्लच चाळवून, फेऱ्या वर आणून तिला जागे करावे लागते, आणि तोवर मागचे तिघे पुढे निघून जातात. म्हणून १२५ चालवणारा वळणात वेग टिकवायला आणि योग्य गिअर निवडायला आपोआप शिकतो. २५० फोर-स्ट्रोक ही चूक अर्धी माफ करते. ४५० पूर्ण माफ करते. तिसऱ्या गिअरमध्ये ठेवली की ती जवळजवळ अख्खा ट्रॅक फिरून येते आणि चालकाचे काय चुकले हे त्याला कळूच देत नाही. शिवाय ती हिशेब वसूल करते तो दहाव्या-बाराव्या मिनिटाला. त्या ओढीला धरून राहता राहता हात भरून येतात, कोपराखालचा भाग दगडासारखा घट्ट होतो, बोटांना ब्रेक नीट दाबता येत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी पुढे उडी असते. एमएक्सजीपीची एक शर्यत ३० मिनिटे आणि वर दोन लॅप चालते. ४५० ही त्या तयारीच्या माणसांची गाडी आहे.

वजनाच्या आकड्यांनीही फसू नये. वायझेड १२५ पेट्रोलसह ९५ किलोच्या आसपास, २५० फोर-स्ट्रोक १०५ च्या आणि ४५० ती ११० च्या आसपास भरते. कागदावर २५० आणि ४५० मध्ये चार-सहा किलोंचाच फरक दिसतो, पण आत फिरणारे लोखंड ४५० मध्ये जास्त असल्याने वळणात ती आडवी करायला पुष्कळ अधिक जोर लागतो. हल्ली हँडलवर बटन असते आणि ते दाबून इंजिनाचा स्वभाव मऊ करता येतो. त्याचा उपयोग होतो, पण त्या फिरत्या लोखंडावर बटनाचा काही इलाज चालत नाही.

‘माझे वजन ९५ किलो आहे, मला ४५० च लागणार,’ हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. बऱ्याचदा त्या माणसाला मोठ्या इंजिनाची गरज नसते, कडक स्प्रिंगांची असते. मोटोक्रॉस गाडीच्या स्प्रिंग साधारण ७५ ते ८५ किलोंच्या चालकाला धरून दिलेल्या असतात. चालक पूर्ण पोशाखात गाडीवर बसल्यावर मागचा भाग शंभर-एकशेपाच मिलिमीटर दबायला हवा. तो त्याहून फार खाली गेला तर पुढचे चाक हलके पडते, गाडी वळत नाही, आणि खापर बिचाऱ्या इंजिनावर फुटते. ओढ कमी वाटत असेल तर पुढच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे साखळीच्या दातेरी चक्राचा, एक दात कमी करून पाहावा : १३-५० च्या (पुढे १३ दात, मागे ५०) जागी १२-५० लावले, तर मागे चार दात वाढवल्याइतका फरक पडतो. नवीन इंजिनापेक्षा हा प्रयोग फारच स्वस्त आहे.

देखभालीबद्दल एवढेच सांगतो की या गाड्यांचे आयुष्य किलोमीटरमध्ये मोजत नाहीत, तासांमध्ये मोजतात. जुनी गाडी घेताना तासांचा मीटर आणि केलेल्या कामाची नोंद पाहावी. टू-स्ट्रोकचा पिस्टन आणि रिंग लवकर बदलाव्या लागतात, पण ते काम हौशी माणूस घरी करू शकतो. २५० फोर-स्ट्रोक सर्वांत जास्त फेऱ्यांवर राबते, त्यामुळे दुर्लक्षित २५० ही सर्वांत महागात पडणारी गाडी ठरते. तिचा पिस्टन तुटला तर व्हॉल्व्ह आणि हेडही सोबत जातात. हौशी चालकाच्या हातात ४५० त्या मानाने निवांत चालते, हा गुण तिच्या पदरात टाकलाच पाहिजे.

मुलांसाठी ५०, ६५ आणि ८५ या पायऱ्या आहेत आणि तिथे पाय जमिनीला पोचतात की नाही, हीच कसोटी पुरेशी आहे. ‘मोठा झाल्यावर बसेल’ म्हणून घेतलेली गाडी मुलाच्या मनात भीती तेवढी बसवते.

मोठ्यांसाठी मी एक कसोटी सुचवतो. जी गाडी घ्यायची आहे ती अर्धा तास चालवा, आणि मग उतरून ती किंचित उतारावर आडवी ठेवा. हँडल धरून उचला. पुन्हा आडवी ठेवा आणि उचला. तिसऱ्यांदा उचलताना तुम्ही आजूबाजूला मदतीला कोणी आहे का असे पाहू लागलात, तर शेजारी उभी असलेली लहान सीसीची गाडीही एकदा चालवून पाहा.

नमस्कार.