४४१ घरं, एक शब्द

(दृश्य: अगदी जवळून सुई. जाळीदार पांढरं कापड. एक काळी फुली पूर्ण होते.)

आम्ही हातानं क्यूआर कोड भरतोय. ही फुली म्हणजे त्यातलं एक घर. अशी २१ आडवी आणि २१ उभी, मिळून ४४१. नेहमीच्या क्यूआर कोडचा हा सगळ्यात लहान पट. पांढरी घरं भरायची नाहीत, तिथे कापड मोकळं सोडायचं. तेवढाच हाताला आराम.

१९९४ साली जपानमधल्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड तयार केला. काम होतं मोटारींच्या सुट्या भागांचा माग ठेवायचं. कल्पना सुचली गो या खेळाच्या पटावरून, काळ्यापांढऱ्या सोंगट्यांवरून. म्हणजे बीज हातानं मांडलेल्या पटात होतं. छपाईयंत्र नंतर आलं, असं आम्ही हक्कानं म्हणतो.

(दृश्य: कोपऱ्यातला चौकोन भरला जातो.)

तीन कोपऱ्यांतले हे तीन डोळे. मधोमध रेघ ओढली की काळं एक घर, पांढरं एक, काळी तीन, पांढरं एक, काळं एक. छापील मजकुरात सहसा न सापडणारं प्रमाण मुद्दाम शोधून हे ठरवलं गेलं. फोन आधी हे डोळे हुडकतो, मग बाकीचं बघतो. म्हणून भरायला सुरुवातही इथूनच.

आम्हाला खरं तर ‘नमस्कार’ भरायचा होता. पण नेहमीच्या साठवणीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट, म्हणजे साठवणीच्या तीन जागा, खातं. काना वेगळा, हलन्ताची खूणही वेगळी. ‘नमस्कार’चे झाले २१ बाइट. काही घरं बिघडली तरी कोड वाचता यावा म्हणून थोडी जागा दुरुस्तीसाठी राखतात. ही दुरुस्ती मधल्या पातळीची ठेवली तर या पटात मावतात १४. पट वाढवला की टाके वाढतात. मग शब्दच आखूड केला: ‘टाका’. चार चिन्हं, १२ बाइट.

(दृश्य: कापड उलटं होतं. मागे दोऱ्यांचं जंजाळ.)

भरतकाम करणाऱ्याला सलग पट्टा आवडतो, दोरा न तोडता पुढे जाता येतं. कोडला नेमकं तेच खपत नाही. एका रंगाचे मोठे डाग राहू नयेत म्हणून आठ ठरलेल्या नक्ष्यांपैकी एक वापरून घरं विस्कटली जातात. त्यामुळे इथे दोन फुल्या, तिथे एक, मध्ये मोकळं. मागून काळा दोरा ओढत नेला तर पांढऱ्या घरातून त्याची सावली दिसते. तोडला तर गाठी. आम्ही तोडला.

(दृश्य: विणकामाच्या सुया. शेजारी दोन नमुने.)

डावीकडचा नमुना नेहमीच्या विणीचा: एक ओळ सुलट, एक उलट. या विणीतला टाका उंचीपेक्षा रुंद असतो, त्यामुळे चौकोन बसका झाला. उजवीकडे सगळ्या ओळी सुलट: एक टाका, दोन ओळी, एक घर. आता घर जवळजवळ चौरस. भोवती चार-चार घरांची मोकळी कड हवी, म्हणून २१ ऐवजी २९ टाके घातले. याच कडेत आम्ही एकदा हौसेनं वेल भरली होती. सुरेख दिसली, पण फोनला कोड कुठे संपतो ते कळेना.

(दृश्य: मणी. दिवा हलतो, काळ्या मण्यांवर पांढरे ठिपके.)

काळे मणी चकाकतात आणि त्या चकाकीनं काळं घर फोनला पांढरं दिसतं. खरखरीत, बिनचमकीचे मणी घेतल्यावर जमलं.

(दृश्य: लाल-हिरवा नमुना. चित्रातले रंग हळूहळू जातात.)

डोळ्यांना झगझगीत, फोनसाठी सपाट राखाडी. वाचायला रंगांतला फरक पुरत नाही, एक गडद आणि एक फिका लागतो.

आता मुद्दाम केलेल्या चुका. ४४१ पैकी २०८ घरं मजकूर आणि दुरुस्तीची, आठ-आठच्या २६ गटांत. त्यातले १६ गट मजकुराचे आणि १० निव्वळ दुरुस्तीचे. त्यामागचं गणित रीड आणि सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० साली मांडलं. गटातला एक टाका चुकला काय नि आठही चुकले काय, हिशोबात तो एकच बिघडलेला गट. या पटात असे चार गट सावरतात.

(दृश्य: उसवणारी कात्री. मग फोन.)

एकाच गटातले सहा टाके चुकवले. वाचला.

सहा वेगवेगळ्या गटांत एकेक टाका चुकवला. नाही वाचला.

तेवढेच सहा टाके! उसवून परत भरायला अख्खी दुपार गेली.

कोडमध्ये शब्दाऐवजी संकेतस्थळाचा पत्ता भरला आणि पुढे तो पत्ता बंद पडला, तर कापड धड राहूनही काही उघडत नाही.

(दृश्य: पूर्ण झालेलं कापड, जरासं चुरगळलेलं. फोन वर येतो. पडद्यावर अक्षरं: टाका.)

पहिल्यांदा दाखवलं तेव्हा आमच्यातल्या एकीनं फोनकडे बघून विचारलं, “काय टाकू?”